दिल्लीत तिकिटं स्वस्त, फिरणं महाग

घरच्यांना दिल्ली दाखवायची ठरली की हिशेबाची वही उघडते आणि पहिल्या पानावर तिकिटांची यादी पडते. कुतुबमिनार इतके, हुमायूनची कबर इतके. ही यादी करायला हरकत नाही, पण बजेट त्यानं हलत नाही. दिल्लीतल्या बहुतेक जुन्या वास्तूंचं तिकीट एका कटिंग चहा-वडापावाच्या आसपास आहे आणि निम्म्या जागा तर फुकट आहेत. पैसा जातो तो दोन वास्तूंच्या मधे: रिक्षात, चुकीच्या वारी मारलेल्या हेलपाट्यात, आणि "साहेब, आज किल्ला बंद आहे, मी दुसरीकडे नेतो" म्हणणाऱ्या गृहस्थांच्या खिशात.

हिशेबासाठी एक कुटुंब धरू. नवरा-बायको, आजी आणि बारा वर्षांचा मुलगा. पुण्या-मुंबईहून आलेले, हातात तीन दिवस.

आधी तिकिटं उरकून टाकू. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंचे दोन गट आहेत. जागतिक वारसा यादीतल्या, म्हणजे कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर, यांना भारतीय नागरिकाला खिडकीवर ४० रुपये, ऑनलाइन ३५. बाकीच्या तिकीटवाल्या वास्तू, म्हणजे पुराना किला, सफदरजंगची कबर, जंतरमंतर, तुघलकाबाद, यांना खिडकीवर २५, ऑनलाइन २०. हे दर २०१८ पासूनचे आहेत. निघण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर एकदा ताडून घ्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना यांत कुठेच तिकीट नाही. तेव्हा आपल्या कुटुंबात पैसे भरणारे तिघंच. कुतुब, हुमायून, पुराना किला, सफदरजंग आणि जंतरमंतर अशा पाच जागा ऑनलाइन तिकिटं काढून पाहिल्या तर तिघांचे मिळून ३९० रुपये. खिडकीवर काढली तर ४६५. फरक ७५ रुपयांचा.

तरीही ऑनलाइनच काढा, आणि ते पंचाहत्तर रुपयांसाठी नव्हे, रांगेसाठी. सुटीच्या दिवशी कुतुबच्या खिडकीपुढे उन्हात उभं राहण्यात आजीचे गुडघे आणि तुमचा अर्धा तास जातो. तिकीट काढताना प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक मागतात, तो फोनमध्ये आधीच लिहून ठेवा. दाराशी उभे राहून चौघांची आधारकार्डं पिशवीतून उपसणारी मंडळी नेहमी दिसतात, आणि त्यांच्याच आजूबाजूला "रांगेशिवाय आत सोडतो" म्हणणारे घुटमळत असतात. फोनवरचा फोटो चालतो, ट्रायपॉड चालत नाही, व्हिडिओ कॅमेऱ्याचे २५ रुपये वेगळे.

लाल किल्ला वरच्या बेरजेत मुद्दाम धरलेला नाही. तिथलं तिकीट आतल्या संग्रहालयांसकट आणि त्यांच्याविना असं दोन तऱ्हांनी मिळतं. किल्ल्यातल्या जुन्या ब्रिटिश बराकींमध्ये २०१९ साली नेताजी, १८५७ चा उठाव वगैरे विषयांची संग्रहालयं झाली, ती नीट पाहायला दोन तास लागतात. बरोबर शाळेत इतिहास शिकणारं पोर असेल तर घ्या. नुसता किल्ला पाहायचा असेल तर तसं आधीच निवडा.

परदेशातून आलेले नातेवाईक बरोबर असतील तर मात्र तिकिटाचा हिशेब एकदम बदलतो. परदेशी पासपोर्टवाल्याला कुतुब किंवा हुमायूनला खिडकीवर ६०० रुपये आणि ऑनलाइन ५५०, दुसऱ्या गटात ३०० आणि २५०. न्यू जर्सीहून आलेले काका-काकू मराठी बोलतात म्हणून खिडकीवरचा माणूस विरघळत नाही. पण त्यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असेल तर केंद्र सरकारच्या नियमानुसार स्मारकं आणि संग्रहालयांत त्यांना भारतीयांचाच दर लागतो. ते कार्ड हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका. दोघांची कार्डं बरोबर असली तर एका कुतुबलाच हजार रुपये वाचतात. त्यांची पंधरा वर्षांखालची मुलं तशीही फुकट.

वार पाहून निघा

दिल्लीत सर्वांत महाग पडतो तो सोमवार. लाल किल्ला सोमवारी बंद. अक्षरधाम बंद, लोटस टेंपल बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, प्रधानमंत्री संग्रहालय बंद, राष्ट्रपती भवन बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणारे लोक नेमके इथे सापडतात, कारण शनिवारी सकाळी विमानतळावर उतरून, रविवारी गर्दीत धक्के खाऊन, "शांतपणे सोमवारी लाल किल्ला पाहू" असं ठरवलेलं असतं. सोमवारी दक्षिण दिल्ली करा. कुतुब, सफदरजंग, हुमायून, पुराना किला या जागा सोमवारी उघड्या असतात, लोदी गार्डन तर रोजच.

दोन तारखाही लक्षात ठेवाव्या लागतात. पंधरा ऑगस्टच्या आधी काही दिवस लाल किल्ला सामान्यांना बंद होतो, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात प्रजासत्ताक दिनाच्या तयारीमुळे किल्ला काय, इंडिया गेटचा परिसर काय, कुठे कधी दोरी लागेल याचा नेम नाही. एरवी १८ एप्रिल या जागतिक वारसा दिनी पुरातत्त्व खातं प्रवेश मोफत ठेवतं. त्या दिवसासाठी मुद्दाम जाऊ नका. वाचलेल्या चाळीस रुपयांत अख्खी दिल्ली तुमच्याबरोबर आत शिरते, शिवाय ऊन चाळिशीकडे निघालेलं असतं.

मेट्रो की रिक्षा?

खरा हिशेब इथे आहे, म्हणून जरा थांबून करू.

दिल्ली मेट्रोचे दर ऑगस्ट २०२५ मध्ये वाढले. दोन किलोमीटरपर्यंत ११ रुपये, पाचपर्यंत २१, बारापर्यंत ३२, एकवीसपर्यंत ४३, बत्तीसपर्यंत ५४ आणि त्यापुढे ६४. रविवारी आणि राष्ट्रीय सुटीला बहुतेक टप्प्यांत एक पायरी खालचा दर लागतो. स्मार्ट कार्डावर दहा टक्के सूट, आणि सकाळी आठच्या आत, दुपारी बारा ते पाच किंवा रात्री नऊनंतर प्रवास केलात तर आणखी दहा टक्के. कार्ड मात्र माणशी एक लागतं. एकाच कार्डावर चौघं आत जाऊ शकत नाहीत. मेट्रोत मुलांचं अर्धं तिकीट ही भानगडच नाही. तीन फुटांच्या आतलं मूल फुकट, त्यावर पूर्ण भाडं. म्हणजे कुतुबला फुकट जाणारा आपला बारा वर्षांचा मुलगा तिथवर पोचताना मोठ्या माणसाइतके पैसे देतो.

रिक्षाचा मीटर २०२३ च्या दराप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे किलोमीटरला ११. रात्री अकरा ते पहाटे पाच सव्वापट.

आता चार किलोमीटरचं अंतर घ्या. मेट्रोनं चौघांचे ८४ रुपये. रिक्षा मीटरप्रमाणे ५८ च्या आत. चौदा किलोमीटर घ्या. मेट्रोनं चौघांचे १७२, रिक्षानं १६८. कागदावर रिक्षा दोन्हीकडे जिंकते. पण रिक्षात बसायची परवानगी तिघांनाच, चौथ्यासाठी रिक्षावाला हळूच पन्नास वाढवतो किंवा सरळ नाही म्हणतो. आणि मीटर टाकून न्यायला तो तयार झाला तर त्याचं नशीब आणि तुमचं. लांबच्या अंतराला तो तोंडी तीनशे-साडेतीनशे सांगतो, अॅपवरचा आकडा गर्दीच्या वेळी त्याच्याही पुढे जातो, आणि संध्याकाळी सहाला रिंग रोडवर अडकलात तर वेळेचा हिशेबच नको. म्हणून लांबचं अंतर मेट्रोनं आणि स्टेशनपासून दारापर्यंतचा तुकडा रिक्षानं, हे गणित बसतं. तिघंच असाल आणि अंतर चार-पाच किलोमीटरच्या आत असेल तर सरळ रिक्षा.

त्या शेवटच्या तुकड्यातच हात मारला जातो. कुतुबमिनार नावाचं मेट्रो स्टेशन आहे म्हणून मिनार समोरच असेल असं वाटतं. तो जवळपास दोन किलोमीटरवर आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की जिन्याच्या तोंडाशीच घोळका पुढे येतो, "कुतुब, कुतुब, सौ रुपये". मीटरप्रमाणे तिथवर ३५-४० रुपये होतात. घोळका ओलांडून पन्नास पावलं पुढे गेलात की तोच प्रवास पन्नासावर येतो. सीटवारी जाणारी ई-रिक्षा मिळाली तर त्याहून कमी. "किती घेणार?" असं विचारू नका. भाव माहीत नसलेला माणूस त्या प्रश्नावरून ओळखू येतो. "मीटर से चलोगे?" म्हणा. तो नाहीच म्हणणार, पण बोलणी खालून सुरू होतात.

दिवसभराचं टुरिस्ट कार्ड मेट्रोत मिळतं, ते चार-पाच लांबच्या फेऱ्या झाल्याशिवाय वसूल होत नाही. आजी बरोबर असताना तेवढ्या फेऱ्या होत नाहीत. चौघांसाठी दिवसभराची टॅक्सी केली तर दोन वास्तूंमधलं अंतर सुखाचं होतं हे खरं, पण आधी तीन गोष्टी कागदावर घ्या: किती तास, किती किलोमीटर, आणि पार्किंग कुणाचं. मधे चालकानं "फक्त पाच मिनिटं, बघायला पैसे नाहीत" म्हणून गाडी गालिचे-शालींच्या दुकानापुढे उभी केली तर उतरू नका. त्याची दलाली तुमच्याच बिलात असते.

कुठे वेळ घालवावा

कुतुबला दीड तास पुरतो. मिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे, कुतुबुद्दीन ऐबकानं सुरू केला, इल्तुत्मिशनं वर चढवला. वर जाता येत नाही. १९८१ साली आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन शाळकरी मुलं गेली, तेव्हापासून दार बंद आहे. कुणी "वरून दाखवतो" म्हणाला तर तो खोटं बोलतोय. लोखंडी खांबाला पाठ लावून मिठी मारायची जुनी हौसही आता भागत नाही, भोवती कठडा आहे. बाहेर पडलं की शेजारीच मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान आहे, तिथे प्रवेश फुकट. जमाली-कमालीची मशीद आणि राजोंकी बावली ही पायऱ्यांची विहीर तिथे आहे. पर्यटकांच्या बसेस इथवर येत नाहीत, म्हणून गर्दीही येत नाही. माझं मत विचाराल तर कुतुबच्या चाळीस रुपयांपेक्षा या फुकटात जास्त मिळतं. फक्त पाणी बरोबर घ्या आणि अंधार पडायच्या आत बाहेर या.

कुतुबमिनार स्टेशनच्याच यलो लाइनवर परत येताना जोरबाग स्टेशन लागतं. सफदरजंगची कबर तिथून चालत. मुघलांच्या उतरत्या काळातली, १७५४ ची, हुमायूनच्या कबरीची नक्कल करू पाहणारी. हुमायून पाहणारच असाल तर हिचे पैसे वाचवा आणि जवळच्या लोदी गार्डनमध्ये बसा. तिथे सय्यद-लोदी सुलतानांच्या कबरी, हिरवळ आणि स्वच्छ बाकं, सगळं फुकट. आजी इथे खूश असते.

हुमायूनच्या कबरीबाबत कंजुषी करू नका. मुंबई सीएसएमटीहून येणारी राजधानी आणि वास्कोहून येणारी गोवा एक्सप्रेस हजरत निजामुद्दीनला सोडते, आणि कबर तिथून रिक्षेच्या पहिल्या टप्प्यात किंवा थोडी पुढे. पण सामानासकट जाऊ नका. आधी सामान खोलीवर टाका. सकाळी लवकर पोचलात तर बागेतले पाण्याचे पाट, लाल दगडावरची पांढऱ्या संगमरवराची किनार आणि समोर कुणी सेल्फी काढत नाही, असा अर्धा तास मिळतो. रस्त्यापलीकडे निजामुद्दीन औलियांचा दर्गा आणि गालिबची कबर, दोन्हीकडे तिकीट नाही. दर्ग्याच्या गल्लीत चप्पल ठेवण्यापासून चादरीपर्यंत प्रत्येकजण काहीतरी हातात देऊ पाहतो. जे घ्यायचं नाही ते हातात धरायचंच नाही. एकदा धरलं की ते विकत घेतलेलं असतं.

लाल किल्ल्यासाठी व्हायलेट लाइनवर लाल किला हे स्टेशन आहे. लाहोरी दरवाजातून आत शिरलं की छत्ता चौकाचा झाकलेला बाजार लागतो. तिथल्या वस्तू बाहेर चांदनी चौकात स्वस्त मिळतात. दिवाण-ए-खासमध्ये गेलात की वर पाहा. तिथल्या छताला एकेकाळी चांदीचा पत्रा होता. १७६० साली दिल्लीत शिरलेल्या सदाशिवरावभाऊंनी फौजेचा खर्च भागवायला तो उतरवून नाणी पाडली. पानिपतच्या खर्चाची ही बाजू गाइड मराठी पर्यटकांना फारशी रंगवून सांगत नाही. गाइड घ्यायचाच असेल तर सरकारी परवान्याचं ओळखपत्र गळ्यात असलेला घ्या, आणि पैसे माणशी की गटाचे हे आधी बोलून ठेवा.

किल्ल्यातून बाहेर पडलं की समोर चांदनी चौक. सकाळी नऊ ते रात्री नऊ मुख्य रस्त्यावर मोटारवाहनांना बंदी आहे, म्हणजे पायी किंवा सायकलरिक्षा. भाव रिक्षाचा ठरवा, माणशी नव्हे, आणि जाऊन-येऊन की एकाच बाजूचा हेही. "दो सौ" हा आकडा ऐकून बसलात आणि उतरताना "दो-दो सौ" झाला, हा इथला जुना खेळ आहे. जामा मशिदीत जायला पैसे नाहीत. नमाजाच्या वेळा आणि शुक्रवारची दुपार टाळा.

राष्ट्रपती भवनाला माणशी ५० रुपये, पण आगाऊ ऑनलाइन नोंदणीशिवाय दारावर काही होत नाही. दिल्लीला जायचं ठरल्या दिवशीच हे काम करा. राष्ट्रीय संग्रहालय २० रुपये. मोहेंजोदडोची नर्तकी तिथे आहे, बोटभर उंचीची, आणि तेवढ्यासाठीही पैसे वसूल. इंडिया गेट, राष्ट्रीय युद्धस्मारक, गांधी स्मृती, लोटस टेंपल, सगळं फुकट. अक्षरधामला प्रवेश फुकट, आतली प्रदर्शनं आणि पाण्याचा खेळ तिकिटावर. तिथे मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा.

जेवण आणि बिल

गुरुद्वारा बंगला साहिबचा लंगर सर्वांना खुला आहे. डोकं झाका, पंगतीत बसा, वाढतील ते टाकू नका. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनाच्या उपाहारगृहात तिसऱ्या दिवशी पनीरला कंटाळलेली मराठी कुटुंबं हमखास दिसतात. तिथून इंडिया गेट जवळ आहे. आंध्र भवनची थाळी प्रसिद्ध आहे, पण रविवारी दुपारी रांगेची तयारी ठेवा.

हॉटेलात बिल आलं की दोन ओळी वाचा. खाण्यावर जीएसटी साधारणपणे पाच टक्के. त्याखाली "सर्व्हिस चार्ज" म्हणून दहा टक्के लावले असतील तर ते काढायला सांगा. ते सक्तीनं घेता येत नाहीत, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही हेच म्हटलं आहे. हुज्जत घातली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यांच्यासमोर लावा. बहुतेकदा घंटी वाजायच्या आत बिल बदलतं. राहायच्या खोलीचं भाडं रोजचं साडेसात हजारांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून तिथेही जीएसटी पाच टक्केच आहे. जुन्या बारा टक्क्यांचं बिल अजूनही हातात पडू शकतं.

नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंज बाजूला आणि कॅनॉट प्लेसमध्ये "सरकारी पर्यटन कार्यालय" अशा पाट्या लावलेली खासगी दुकानं आहेत. तुमची गाडी रद्द झाली, हॉटेल बंद पडलं, असं सांगून तिथे नेणारा माणूस फार कळकळीनं बोलतो. भारत पर्यटनाचं खरं कार्यालय ८८, जनपथला आहे.

ताजमहाल हा दिल्लीचा नव्हे, आग्र्याचा खर्च, पण कुणीही तो टाळत नाही. शुक्रवारी बंद. भारतीयांना ५० रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे आणखी २००. आपल्या तिघांचे ७५० झाले, म्हणजे दिल्लीतल्या पाच वास्तूंच्या जवळपास दुप्पट. निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस शंभर मिनिटांत आग्र्याला पोचवते आणि संध्याकाळी परत आणते; तीही शुक्रवारी धावत नाही.

डिसेंबरअखेर ते जानेवारी जाणार असाल तर धुक्याचा खर्च धरा. गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, सकाळची विमानं खोळंबतात. परतीच्या दिवशी खोली दुपारी बाराला सोडून रात्रभर फलाटावर बसण्यापेक्षा अर्ध्या दिवसाचं भाडं परवडतं, विशेषतः आजीला. गाडी तुमच्या चढायच्या स्टेशनवरून तीन तासांहून जास्त उशिरा सुटणार असेल आणि तुम्ही जाणार नसाल तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर हा परताव्याचा अर्ज ऑनलाइन भरा. ती फलाटावरून हलल्यानंतर भरलेला अर्ज धरत नाहीत.